डोक्यांचं साटंलोटं

पणजोबांचं डोकं परत मिळणार ही बातमी आली तेव्हा आत्या शिडीवर उभी राहून स्वयंपाकघराच्या छताला चुना देत होती. तिनं वरूनच विचारलं, "पोचतं करणार आहेत, की आपणच जायचं आणायला?"

जसं काही दुरुस्तीला दिलेला मिक्सर तयार झालाय.

"समारंभ आहे," मी म्हणालो. "म्युझियममध्ये. मंत्री येणारेत."

"अरे देवा," आत्या म्हणाली आणि ब्रश बादलीत बुडवला. मग बराच वेळ तिनं तो वर काढला नाही. खालून मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या.

पणजोबा म्हणजे आत्याचे आजोबा. गोरे आले तेव्हा आमची माणसं इथं होतीच. गोऱ्यांनी आल्या आल्या नदीला तारेचं कुंपण घातलं. पाणी आतल्या बाजूला, आम्ही बाहेरच्या. पणजोबा आणि त्यांच्या सोबतचे लोक ते कुंपण कापायचे. गोरे जोडायचे, हे कापायचे. असं कैक वर्षं चाललं. शेवटी एका पाणवठ्यावर गोऱ्यांनी त्यांना गाठून मारलं, आणि मुंडकं कापून म्युझियमला पाठवलं. त्या काळी शहाणीसुरती माणसं पट्टी घेऊन डोकी मोजायची. आमची डोकी लहान भरतात, म्हणून नदी आम्हाला काय करायची, असा तो हिशोब होता.

पणजी त्यांच्यामागं पुष्कळ जगली. टेकडीवरच्या दफनभूमीत तिला पुरलं आणि तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवली. त्यानंतर घरात जो कोणी गेला, तो त्या जागेच्या पलीकडं गेला. आत्याच्या वडिलांनी मरताना तिला बजावलं होतं, "मला तिथं घुसवू नकोस. ती त्यांची जागा आहे." आता नगरपालिकेचा डोळा त्या जागेवर होता. 'वापरात नसलेली जागा' असं लिहिलेला एक खुंटा त्यांनी तिथं ठोकून ठेवला होता. आत्या दर महिन्याला जाऊन तो उपटायची. पण आत्याचे गुडघे गेलेले, आणि तिच्यामागं खुंटा उपटायला जाईल असं कोणी तिला दिसत नव्हतं. माझ्याकडं बघून तर नाहीच.

तर समारंभ झाला. बँडवाल्यांनी चुकून लग्नातलं काहीतरी सुरू केलं, मग एकानं दुसऱ्याला कोपर मारलं आणि ते थांबले. मंत्रीसाहेबांनी भाषणात सरकारच्या वतीनं माफी मागितली. ती माफी चौकटीत बसवून आत्याच्या हातात दिली. म्युझियमच्या संचालकबाई फार हळव्या होत्या, त्यांनी आत्याचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "खोका मात्र उघडायचा नाही हं. प्रोटोकॉल आहे."

फुलांनी सजवलेली सरकारी गाडी बाहेर उभी होती. ती सुरूच होईना. सकाळपासून आतले दिवे चालू ठेवल्यामुळं बॅटरी उतरली होती. चार शिपायांनी ढकलून पाहिली, फुलं तेवढी गळली. शेवटी माझा टेम्पो पुढं घ्यावा लागला. मी घरसामान हलवण्याचा धंदा करतो. टेम्पोवर मागं मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'तुमचं सामान आम्ही आमचंच समजतो.' पुढं पोलिसांच्या दोन मोटरसायकली, मागं मंत्र्यांचा ताफा आणि मध्ये हे वाक्य. वृत्तपत्रवाल्यांनी नेमका तोच फोटो काढला.

घरी आल्यावर आत्यानं सगळ्यांना दारातून वाटेला लावलं, कडी घातली आणि चाकू मागितला.

"आत्या, प्रोटोकॉल."

"घरच्या माणसाला कसला प्रोटोकॉल? इतक्या वर्षांनी घरी आलेल्याचं तोंड बघू नको?"

खोक्यात कापूस होता, कापसात ती कवटी होती. जबडा तारेनं नीट अडकवलेला. आत्यानं दोन्ही हातांनी ती उचलली, उजेडाकडं धरली आणि बघत राहिली. मी मान खाली घातली. मला वाटलं आता ती रडेल.

"हे आजोबा नाहीत," आत्या म्हणाली.

"आत्या, तू त्यांना पाहिलंयस कुठं?"

"जबडा सरळ आहे."

पणजोबा तरुण असताना एका गोऱ्या साहेबाच्या घोड्यानं त्यांना लाथ मारली होती. जबडा मोडला आणि वाकडाच जुळला. लोक त्यांना वाकड्याच म्हणायचे. आमच्याकडं त्यांचा फोटो नव्हता. म्हणून घरातलं प्रत्येक माणूस पुढच्या पोराला समोर बसवून, बोटांनी स्वतःचा जबडा डावीकडं ढकलून दाखवायचं, "असे दिसायचे बघ." आत्याच्या वडिलांनी आत्याला दाखवलं, आत्यानं मला. लहानपणी मी घाबरून पळालो होतो.

आत्यानं कवटी पुन्हा उजेडात फिरवली. दात एकावर एक, छान ओळीत. हा माणूस ज्या कुणाचा होता, त्याला घोड्यानं कधी लाथ मारलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही म्युझियममध्ये गेलो. संचालकबाई आधी म्हणाल्या की काळाच्या ओघात हाडं बदलतात. आत्या म्हणाली, "सरळ होतात?" मग बाई आम्हाला तळघरात घेऊन गेल्या. लाकडी कपाटं, त्यांना पसरट खण, प्रत्येक खणावर पितळेचा नंबर. बाईंनी एक रिकामा खण ओढून दाखवला. "हे बघा. हाच नंबर. याच खणातून काढलंय. नंबर शंभर टक्के बरोबर आहे."

"नंबर खणावर आहे," आत्या म्हणाली. "माणसावर कुठंय?"

"आमच्याकडं पहिल्यापासून खणालाच नंबर असतो. त्यामुळं सोपं जातं."

तिथं एक प्राध्यापक नेहमी बसलेले असतात. दोन देशांच्या इतिहासाची तुलना करतात. एक आमचा देश, एक समुद्रापलीकडचा. दोन्हीकडं गोरे एकाच बंदरातून निघून आले, दोन्हीकडं त्यांनी तीच तार लावली. प्राध्यापकांनी आयुष्यभर दोन रकान्यांचा एक तक्ता भरत आणलाय, म्हणून आत्या त्यांना तक्तेवाले म्हणायची. माणूस चांगला होता, पण त्याला काहीही सांगा, तो लगेच विचारायचा, "आणि तिकडं?"

तक्तेवाल्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि चष्मा काढला. चेहरा अगदी उतरला.

"अदलाबदल," ते म्हणाले. "म्युझियमं तेव्हा आपसात करायची. आपल्याकडं एकसारखे दोन असले की एक पाठवायचा आणि त्यांच्याकडचा एक मागवायचा. पोरं पोस्टाची तिकिटं बदलतात तसं. याला ते डुप्लिकेट म्हणायचे."

"कशाचं डुप्लिकेट?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे... बंडखोर पुढारी, पुरुष, मध्यमवयीन. इथं दोन होते. तर एक..."

"माझे आजोबा डुप्लिकेट?"

संचालकबाईंनी खण हळूच आत ढकलला.

"तिकडून आलेला याच खणात ठेवला असणार," तक्तेवाले म्हणाले. "आणि तुमचे आजोबा तिकडच्या खणात."

"मग जाऊन आणा."

तक्तेवाल्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तिकडच्या म्युझियमनं चार वर्षांपूर्वीच त्या खणातलं डोकं घरच्यांना परत दिलं. त्यांनी पुरलंसुद्धा. मी होतो तिथं. भाषण केलं मी. रडलो." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमच्या आजोबांसमोर."

त्या लोकांनी खोका उघडला नव्हता. त्यांच्यात मेलेल्याला झाकल्यावर पुन्हा उघडून बघत नाहीत. म्युझियमला ते फार सोयीचं पडलं.

आता प्रश्न आला खोक्याचा. संचालकबाई म्हणाल्या, आम्ही परत घेऊ शकत नाही, तो खण बंद झाला. मंत्र्यांच्या कचेरीतून सांगितलं की माफी एकदा दिल्यावर वस्तू सरकारची राहत नाही. तेव्हा तो परका माणूस आत्याकडंच राहिला. आत्यानं त्याला बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर जागा दिली. खाली धुतलेला टॉवेल घातला. दिवसभर रेडिओ लावून ठेवायला लागली. "एकटं वाटायला नको," म्हणायची. बिलाचे पैसे न्यायला येणारा माणूस एकदा आत आला आणि जागीच थबकला. आत्या म्हणाली, "घाबरू नका, पाहुणे आहेत."

तक्तेवाल्यांनी पलीकडच्या घरचा फोन नंबर दिला. तिथं एक बाई होत्या, साधारण आत्याच्याच वयाच्या. फळीवरच्या पाहुण्याची नात. आयुष्यभर कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर उभं राहून त्यांचेही गुडघे गेलेले. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आधी नुसतं छत दिसलं, मग एक कान.

"फोन कानाला लावू नका, समोर धरा," मी ओरडलो.

"मग ऐकू कसं येणार?" कान म्हणाला.

बोलणं साहेबाच्या भाषेत चाललं. दोघींच्या स्वतःच्या भाषा वेगळ्या, पण शाळेत दोघींनीही स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेला. त्या छडीनं शिकवलेल्या भाषेतच त्या आता एकमेकींना समजत होत्या. आत्यानं सगळी हकिगत सांगितली. मग फोन खाली आला आणि पहिल्यांदा तोंड दिसलं. रुंद, सुरकुतलेलं, डोळे पाण्यानं भरलेले.

"म्हणजे माझा आजा तुझ्याकडं?"

"हो. आणि माझे तुमच्याकडं."

"दाखव."

आत्यानं फोन फळीकडं वळवला. म्हातारीनं लगेच हातानं डोळे झाकले. त्यांच्यात बघत नाहीत ना. पण बोटांच्या फटीतून बघितलंच.

"दात चांगले आहेत," ती म्हणाली.

"फारच," आत्या म्हणाली. "हे म्हणजे साटंलोटंच झालं की. तुमचा आमच्या घरात, आमचा तुमच्या."

साटंलोटं म्हणजे काय ते आत्यानं तिला समजावून सांगितलं. दोन घरांनी मुली एकमेकांकडं दिल्या की होते ती सोयरीक. म्हातारी इतकी हसली की पुन्हा छत दिसायला लागलं. त्या दिवसापासून ती आमची विहीणबाई झाली.

मग रोज फोन व्हायला लागला. तक्तेवाले शेजारी वही घेऊन बसायचे आणि दोघी त्यांना दमडीची किंमत द्यायच्या नाहीत.

"तुमच्याकडं बाहेर पडायला पास लागायचा?" आत्यानं एकदा विचारलं.

"रस्ता ओलांडायलासुद्धा. तुमच्याकडं?"

"पास नव्हता. आमची पोरं नेली. शाळेला म्हणून गाडीत घातली आणि नेली. माझी मोठी बहीण त्यातच नेली. म्हातारी होऊन परत आली, तेव्हा मला ओळखेना."

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या आईला पाससाठी रांगेत उभी असतानाच कळा सुरू झाल्या. मी रांगेतच जन्मले. माझ्याकडं पास नव्हता म्हणून शिपायानं मला आत जाऊ दिलं नाही, आईला दिलं."

"मग?"

"मग काय, मी बाहेर. मावशीच्या मांडीवर."

दोघी हसल्या. मी हसलो नाही आणि तक्तेवाल्यांनी लिहायचं थांबवलं.

"पण तुम्ही जिंकलात," आत्या म्हणाली. "तुमची माणसं जास्त होती. राज्य तुमचं आलं."

"राज्य आलं. नदी नाही आली. कुंपण तेच आहे, मालकाच्या नातवानं फक्त रंग दिलाय. तुम्हाला काय मिळालं?"

"माफी."

"ती कशी असते?"

आत्यानं भिंतीवरची चौकट काढून कॅमेऱ्यासमोर धरली. विहीणबाईंनी डोळे बारीक करून वाचलं. "कागद चांगला आहे," म्हणाल्या.

इकडं दोन्ही सरकारांना या प्रकरणाचा वास लागला, आणि नवल म्हणजे दोन्ही सरकारं खूश झाली. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचं असं ठरलं की डोकी आहेत तिथंच राहू द्यावीत. आमचा तिकडं पुरलेलाच आहे, त्यांचा इकडं पुरून टाकावा. दोन लढवय्ये एकमेकांच्या मातीत, याहून सुंदर मैत्री कुठली? दोन्ही ठिकाणी सारखंच स्मारक, मंत्री एकाच दिवशी फीत कापणार. संचालकबाई ही योजना घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. नगरपालिकेचे साहेब त्यांच्याबरोबर होते. ते म्हणाले, पणजीच्या शेजारची जागा आम्ही लगेच पक्की करून देतो. खुंटासुद्धा काढतो.

आत्यानं विचार करायला वेळ मागितला. मला वाटलं ती हो म्हणेल. जागा भरणार होती, तिच्या वडिलांना दिलेला शब्द निदान अर्धा तरी पुरा होणार होता. संध्याकाळी तिनं विहीणबाईंना फोन लावला.

"राहू दे की," विहीणबाईच आधी म्हणाल्या. "माझा तुझ्याकडं नीट आहे ना?"

"नीट आहे. रेडिओ ऐकतोय."

"तुझाही नीट आहे. गावातली पोरं परीक्षेच्या आधी त्याच्यापाशी जाऊन बसतात. माझा धाकटा भाऊ वारला तेव्हा मी त्याच्याजवळच जाऊन रडले. तो कोणाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण रडले ते खरं रडले. आता त्याला उकरायचं म्हणजे..."

रेडिओवर बाजारभाव चालले होते. आत्या उठली, रेडिओ बंद केला, परत येऊन बसली.

"विहीणबाई, हे दोन साहेबांनी आपसात ठरवलं होतं. तुझा एक घे, माझा एक दे. त्यांना कोणी विचारलं नाही, आपल्याला कोणी विचारलं नाही. आता आपण हो म्हटलं की ती अदलाबदल पक्की होते. इतक्या वर्षांनी त्याच्याखाली आपण दोघी अंगठा उठवणार. मग ते खरंच डुप्लिकेट. कुठलाही कुठंही चालतो."

फोन हळूहळू कलंडला, छत दिसायला लागलं. एक पाल होती छतावर. आम्ही बराच वेळ त्या पालीकडं बघत बसलो.

"ये घेऊन," छतातून आवाज आला.

तक्तेवाल्यांनी खटपट करून सगळ्या परवानग्या काढल्या, तिकिटंही काढली. "माझं भाषण चुकीच्या माणसासमोर झालंय," म्हणाले, "एवढं तरी करू द्या." आम्ही तिघं निघालो. आत्यानं खोका मांडीवर घेतला. विमानतळावर मशीनमधून खोका जाताना तिथली मुलगी पडद्याकडं बघून पांढरी पडली. "आजी, हे काय आहे?" आत्या म्हणाली, "पाहुणे. घरी सोडायला चाललेय." कागद दाखवले. कागदांत एका ठिकाणी त्याला 'मानवी अवशेष' म्हटलं होतं, एका ठिकाणी 'नमुना' आणि एका ठिकाणी 'फुटण्यासारखं सामान'. शेवटचं वाचून मुलीनं त्यावर लाल बाणाचा कागद चिकटवला आणि आम्हाला सोडलं.

खरी गंमत पलीकडं झाली. तिथल्या खिडकीवरचा तरुण अधिकारी विहीणबाईंच्याच माणसांपैकी होता. त्यानं पाहुण्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि कपाळाला हात लावला.

"यांच्या नावानं वॉरंट आहे."

"काय?"

"फरार दाखवतंय. ज्या साहेबानं मारलं, त्यानं डोकं म्युझियमला विकलं असणार. मारलं म्हणून लिहिलं तर डोकं कुठंय असं वरून विचारतील. म्हणून पळून गेला असं लिहिलं."

"पण तुमचं राज्य आलं ना!" मी म्हणालो.

"राज्य आलं हो. पण वॉरंटं कोणी रद्द केली नाहीत. तो विभाग वेगळा आहे." तो खरंच शरमला होता. "सिस्टिम पुढं जाऊच देत नाही. अटक तरी दाखवावी लागेल."

काचेच्या पलीकडं विहीणबाई काठी आपटत होत्या. "कोण अटक करतोय ते बघतेच! पुढं ये! तुझी आजी मला ओळखते!"

शेवटी मोठा अधिकारी आला. पाहुण्यांना रीतसर अटक झाली. फोटो घ्यायचा नियम आहे म्हणून समोरून आणि बाजूनं फोटो घेतला. मग जामीन. एक जामीन विहीणबाई, दुसरे तक्तेवाले. 'परत फरार होणार नाही' अशी हमी तक्तेवाल्यांनी लिहून दिली. तरुण अधिकाऱ्यानं खोका उचलून दोन्ही हातांनी विहीणबाईंकडं दिला. विहीणबाईंनी खोक्यावर गाल टेकला, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतल्या लोकांनी घाई केली नाही.

त्यांच्या गावी सगळे आले होते. पोरं कबरीभोवती उभी होती, तोंडं पाडून. विहीणबाईंच्या लेकानं आणि पुतण्यांनी हातांनी माती काढली, फावडं लावलं नाही. पेटी वर आली तसे गावातले सगळे पाठ फिरवून उभे राहिले. त्यांच्यात बघत नाहीत. मोकळ्या जागेत आत्या आणि मी तेवढे पेटीकडं तोंड करून.

आत्यानं झाकण काढलं. जबडा डावीकडं गेलेला होता. जिथं जुळला होता तिथं हाडाची जाड गाठ.

आत्यानं त्या गाठीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं वळली, आणि मला कळलं तिला काय हवंय ते. मी बोटांनी माझा जबडा डावीकडं ढकलला. तिनं माझ्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं.

"थोडा कमी," म्हणाली. "आपण सगळेच थोडं जास्त करत होतो."

त्याच खड्ड्यात त्यांनी त्यांच्या माणसाला ठेवलं. माती लोटली. एका पोरानं विचारलं, आता याच्यापाशी अभ्यासाला बसलं तर चालेल का. विहीणबाई म्हणाल्या, "बस. पण याचं डोकं जरा तापट होतं म्हणतात, चुकलास तर रागवेल." निघताना दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. गुडघे दोघींचेही गेलेले, त्यामुळं कोण कोणाला सावरतंय ते सांगता येत नव्हतं. तक्तेवाले मागं झाडाखाली उभे होते. वही त्यांनी गाडीतच ठेवली होती.

आम्ही परत आलो तेव्हा इकडं कोणी घ्यायला नव्हतं. संचालकबाईंच्या कचेरीत कळवलं होतं, पण तिथल्या नोंदीप्रमाणं पणजोबांना आम्ही आधीच घेऊन गेलो होतो. एकच माणूस दोनदा परत करता येत नाही. त्यामुळं बँड नाही, मंत्री नाही. टेम्पो मी विमानतळावरच लावून गेलो होतो. आत्या पुढं माझ्या शेजारी बसली, पेटी दोघांच्या मध्ये.

टेकडीवर दफनभूमीचा खणणारा माणूस वाट बघत होता. पणजीच्या शेजारची जागा त्यानं गवत काढून साफ केली होती. त्यानं पेटीकडं पाहिलं आणि हातांनी बादलीएवढं माप दाखवलं. "एवढा खड्डा पुरेल ना, आजी?"

"पूर्ण खण," आत्या म्हणाली.

"पूर्ण? पण डोकंच आलंय ना फक्त?"

"मग बाकीचा माणूस कुठं ठेवू?"

बाकीचा माणूस त्या पाणवठ्याजवळ कुठंतरी, कुंपणाच्या आत, कोणाच्या तरी शेताखाली होता. ते खणणाऱ्यालाही माहीत होतं. त्याचीही माणसं आमच्यातलीच. त्यानं फावडं जमिनीत रोवलं.

"लांबी किती धरू?"

आत्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जबड्याचं आम्हाला सगळं ठाऊक होतं. पणजोबा उंच होते की बुटके, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारायला आता कोणी उरलंही नव्हतं. आत्या थोडा वेळ पणजीच्या दगडाकडं बघत उभी राहिली.

मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला पणजीच्या शेजारी उभं केलं. पाय जुळवायला सांगितलं, खांदे सरळ केले, डोक्यापासून पायापर्यंत मला नीट बघून घेतलं. सामान हलवायला आणलेल्या एखाद्या कपाटाकडं मी बघतो तसं.

"याच्याएवढा धर," ती खणणाऱ्याला म्हणाली. "थोडा जास्तच धर."

मी तिथंच आडवा झालो. गवताची मुळं पाठीला टोचत होती. खणणाऱ्यानं माझ्या डोक्याशी फावड्यानं एक रेघ ओढली, मग पायांशी दुसरी, आणि दुसरी रेघ त्यानं वीतभर पुढं सरकवली.